विश्लेषण : नेटवर्क स्विचच्या ‘डीफॉल्ट’ सेटिंगकडे दुर्लक्ष का महागात पडते?

अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने २० ऑगस्ट २०२५ रोजी एक इशारा प्रसिद्ध केला. रशियाच्या ‘एफएसबी’ या गुप्तचर संस्थेशी संबंधित हॅकर वर्षभर अमेरिकेतील हजारो नेटवर्क उपकरणांमधील सेटिंगच्या फायली गोळा करत होते, असे त्यात म्हटले होते. यासाठी वापरलेली एक फट २०१८ मध्येच उघड झाली होती आणि तिच्यावरील उपायही त्याच वर्षी उपलब्ध झाला होता. ही फट सिस्को कंपनीच्या स्विचमध्ये कारखान्यातूनच सुरू होऊन येणाऱ्या एका सुविधेत होती. ज्यांनी ती सुविधा बंद केली नाही किंवा उपकरण अद्ययावत केले नाही, त्यांचे दार सात वर्षे उघडेच राहिले. बँकेच्या शाखेपासून सोसायटीच्या सीसीटीव्हीपर्यंत सर्वत्र असलेल्या या छोट्या उपकरणाचे ‘डीफॉल्ट’ आयपी पत्ते, पासवर्ड आणि सेटिंग म्हणजे काय, त्यांच्याकडे लक्ष का जात नाही आणि त्याची किंमत कोण मोजते, याचा हा आढावा.

स्विच म्हणजे काय? तो राऊटरपेक्षा वेगळा कसा?

एका इमारतीतील किंवा कार्यालयातील संगणक, प्रिंटर, कॅमेरे, वाय-फायचे डबे यांना तारेने एकमेकांशी जोडणारे उपकरण म्हणजे स्विच. त्याला पाच, आठ, सोळा, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस पोर्ट असतात. प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यात दिलेला एक ओळख क्रमांक असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. कोणत्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता आहे याची यादी स्विच स्वतःच तयार करतो आणि येणारा डेटा नेमक्या त्याच पोर्टवर पाठवतो. राऊटरचे काम वेगळे असते. तो दोन निरनिराळी नेटवर्क जोडतो, म्हणजे आपले कार्यालय आणि बाहेरचे इंटरनेट. घरी इंटरनेट कंपनीने बसवलेल्या डब्यात बहुतेकदा राऊटर, वाय-फाय आणि तीन-चार पोर्टांचा स्विच असे सारेच एकत्र असते, म्हणून हा फरक सहसा लक्षात येत नाही.

मग स्विचला आयपी पत्ता कशासाठी लागतो?

खरे तर डेटा इकडून तिकडे नेण्यासाठी स्विचला स्वतःचा आयपी पत्ता लागतच नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या, म्हणजे ‘अनमॅनेज्ड’ स्विचला तो नसतोही. तार लावली की काम सुरू. ‘मॅनेज्ड’ किंवा ‘स्मार्ट’ स्विचचे मात्र तसे नाही. कोणते पोर्ट चालू ठेवायचे, लेखा विभागाचे संगणक इतरांपासून वेगळे कसे ठेवायचे, कोणत्या पोर्टवर किती वाहतूक झाली, हे सारे त्यात ठरवता आणि पाहता येते. त्यासाठी ब्राउझरमध्ये पत्ता टाकून स्विचचे पान उघडावे लागते आणि तिथे नाव-पासवर्ड द्यावा लागतो. स्विचचा आयपी पत्ता असतो तो एवढ्यासाठीच. ते देखरेख करणाऱ्याचे दार आहे.

या प्रश्नाचे मूळही इथेच आहे. राऊटरचे सेटिंग चुकले की इंटरनेट बंद पडते आणि लगेच आरडाओरडा होतो. स्विचच्या देखरेखीच्या पानाला कोणी कधी हातच लावला नाही, तरी संगणक, प्रिंटर, कॅमेरे सुरळीत चालतात. काम अडत नाही, म्हणून ते पान उघडलेच जात नाही. कारखान्यातून निघताना जे होते तेच सेटिंग वर्षानुवर्षे तसेच राहते.

डीफॉल्ट पत्ते कोणते असतात?

खोक्यातून बाहेर काढलेल्या उपकरणात उत्पादकाने आधीच भरून ठेवलेले सेटिंग म्हणजे डीफॉल्ट. नेटगिअरच्या अनेक स्मार्ट स्विचचा डीफॉल्ट पत्ता १९२.१६८.०.२३९ असतो. डी-लिंकच्या स्मार्ट स्विचचा १०.९०.९०.९०, टीपी-लिंकच्या अनेक स्विचचा १९२.१६८.०.१, सिस्कोच्या लहान व्यवसायांसाठीच्या स्विचचा १९२.१६८.१.२५४, तर मायक्रोटिकच्या उपकरणांचा १९२.१६८.८८.१. हे गुपित नाही. हे पत्ते आणि त्यांच्यासोबतचे डीफॉल्ट पासवर्ड कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतच छापलेले असतात. सिस्कोच्या मोठ्या कॅटॅलिस्ट मालिकेतील स्विचला मात्र साधारणपणे सुरुवातीला आयपी पत्ताच नसतो. तंत्रज्ञाने कन्सोलची तार जोडून तो स्वतः द्यायचा असतो.

हे पत्ते १९२.१६८ किंवा १० याच आकड्यांनी का सुरू होतात, यालाही कारण आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. जगातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता पुरणार नाही, हे १९९० च्या दशकातच स्पष्ट झाले होते. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १९१८’ या दस्तऐवजाने तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले : १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. पहिल्या पट्ट्यात सुमारे १.६८ कोटी पत्ते आहेत, तर शेवटच्यात ६५,५३६. हे पत्ते कोणीही आपल्या इमारतीत वापरू शकतो, पण इंटरनेटवर ते चालत नाहीत. प्रत्येक वाड्यात ‘खोली क्रमांक १’ असू शकते, पण टपालाला वाड्याचा पत्ता लागतोच, तसेच हे.

सर्वांना एकच पत्ता देण्याची गरज काय?

नवा स्विच कोणत्या कार्यालयात, कोणत्या नेटवर्कमध्ये बसणार, हे कारखान्याला ठाऊक नसते. बसवणाऱ्याला पहिल्यांदा आत शिरण्यासाठी ठरलेला एखादा पत्ता आणि ठरलेला पासवर्ड लागतो. डीफॉल्ट ही सोय आहे ती या पहिल्या पाच मिनिटांपुरती.

दुसरा मार्ग ‘डीएचसीपी’चा. यात राऊटर किंवा सर्व्हर नव्या उपकरणाला मोकळा असलेला पत्ता आपोआप देतो. आजचे अनेक स्विच सुरू झाल्यावर आधी डीएचसीपीकडून पत्ता मागतात आणि तो मिळाला नाही तरच छापील पत्त्यावर येतात. त्यामुळे पुस्तिकेतला पत्ता टाकूनही पान उघडत नाही आणि तंत्रज्ञ गोंधळतो. अशा वेळी राऊटरच्या यादीत स्विचला कोणता पत्ता मिळाला आहे ते पाहावे लागते. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर डीएचसीपीकडून उत्तरच आले नाही आणि लॅपटॉपने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असा त्याचा अर्थ.

पहिल्या जोडणीत गडबड कुठे होते?

आयपी पत्त्याबरोबर ‘सबनेट मास्क’ असतो. पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा आणि किती उपकरणाचा, हे तो सांगतो. २५५.२५५.२५५.० हा मास्क असेल तर पहिले तीन आकडे सारखे असलेली उपकरणेच एकमेकांशी थेट बोलू शकतात आणि अशा नेटवर्कात २५४ उपकरणे मावतात. कार्यालयाचे नेटवर्क १९२.१६८.१ चे आणि नव्या स्विचचा पत्ता १०.९०.९०.९० असेल, तर लॅपटॉपवरून तो दिसणारच नाही. लॅपटॉपला काही वेळ १० च्या पट्ट्यातला पत्ता द्यायचा, स्विचचे पान उघडून त्याला कार्यालयाच्या नेटवर्कातला पत्ता द्यायचा आणि मग लॅपटॉप पूर्ववत करायचा, हा त्यावरचा नेहमीचा मार्ग. अनेक ठिकाणी इतकी यातायात कोणी करत नाही. तार लावली, दिवे लागले, काम झाले.

दुसरी गडबड एकाच पत्त्याची. एकाच कंपनीचे दोन स्विच न बदलता लावले की दोघांचा पत्ता एकच होतो. संगणक चालत राहतात, पण देखरेखीचे पान कधी एका स्विचचे उघडते, तर कधी दुसऱ्याचे. स्विचचा डीफॉल्ट पत्ता आणि राऊटरचा पत्ता एकच निघाला, तर मात्र परिस्थिती बिघडते. १९२.१६८.०.१ हा पत्ता अनेक राऊटरचाही असतो. मग काही संगणक इंटरनेटसाठीचा डेटा राऊटरऐवजी स्विचकडे पाठवू लागतात. इंटरनेट कधी चालते, कधी बंद पडते, आणि दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो.

पत्ता सर्वांना ठाऊक असणे हाच धोका आहे का?

नाही. खासगी पट्ट्यातला पत्ता बाहेरून थेट गाठता येत नाही, आणि पत्ता बदलला तरी नेटवर्कात शिरलेल्या माणसाला तो शोधायला काही मिनिटे पुरतात. खरा धोका पत्त्यासोबत जे न बदलता राहते त्याचा आहे.

पहिली गोष्ट पासवर्डची. ‘ॲडमिन’ हे नाव आणि ‘ॲडमिन’ किंवा ‘पासवर्ड’ हाच पासवर्ड, काही उपकरणांत तर पासवर्ड कोराच. दुसरी गोष्ट, देखरेखीचे पान कोणाकोणाला उघडता येते याची. अनेक स्विचमध्ये सुरुवातीला सारे पोर्ट ‘व्हीलॅन १’ या एकाच गटात असतात. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेल्या अदृश्य भिंती. त्या घातल्या नाहीत, तर पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवरूनही स्विचचे पान दिसू शकते. तिसरी गोष्ट जुन्या सेवांची. ‘टेलनेट’सारख्या जुन्या पद्धतीत पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जातो. उपकरणांची माहिती गोळा करणाऱ्या ‘एसएनएमपी’ या सेवेत वाचण्यासाठी ‘पब्लिक’ आणि बदल करण्यासाठी ‘प्रायव्हेट’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या डीफॉल्ट म्हणून चालत आले आहेत. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कार्यालयातल्या एका संगणकात शिरलेला व्हायरस सबंध नेटवर्कचा ताबा घेऊ शकतो.

२०१८ मध्ये नेमके काय घडले?

मोठ्या कंपन्यांना शेकडो स्विच एकेक करून बसवण्याचा त्रास वाचावा, म्हणून सिस्कोने ‘स्मार्ट इन्स्टॉल’ ही सुविधा दिली होती. नवा स्विच जोडला की मध्यवर्ती उपकरणाकडून त्याचे सेटिंग आपोआप यावे, हा हेतू. ही सुविधा अनेक स्विचमध्ये सुरूच असायची. मात्र येणारा आदेश खरोखर मालकाकडूनच आला आहे का, हे ती तपासत नव्हती. शिवाय या सुविधेतील एक गंभीर त्रुटी सिस्कोने मार्च २०१८ मध्ये जाहीर केली आणि तिच्यावरील उपायही दिला. इंटरनेटवरून थेट गाठता येतील असे १,६८,००० स्विच आपल्याला आढळल्याचे सिस्कोच्याच ‘टालोस’ या संशोधन विभागाने सांगितले होते.

पुढच्याच महिन्यात, ६ एप्रिलच्या रात्री, इराण आणि रशियातील अनेक डेटा केंद्रे ठप्प झाली. स्विचमधील सेटिंग पुसले गेले होते आणि त्याजागी अमेरिकेचा झेंडा व ‘आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका’ अशा अर्थाचा संदेश उरला होता. जगभरातील दोन लाख उपकरणांना याचा फटका बसला आणि त्यातील साडेतीन हजार आपल्या देशातील होती, असे इराणच्या दूरसंचार मंत्रालयाने सांगितले. या घटनेत कोणाचा पासवर्ड फोडावा लागला नाही. सोयीसाठी सुरू असलेली एक खिडकी कोणीच बंद केली नव्हती, इतकेच. त्याच खिडकीतून सात वर्षांनंतरही हेरगिरी सुरू होती, हे एफबीआयच्या ताज्या इशाऱ्याने दाखवून दिले.

अशा घटना आणखी कुठे घडल्या?

डीफॉल्ट पासवर्डचा प्रश्न फक्त स्विचचा नाही. राऊटर, कॅमेरे, औद्योगिक नियंत्रक या साऱ्यांचा तो आहे. २०१६ मधील ‘मिराय’ हा त्याचा सर्वांत गाजलेला दाखला. या घातक प्रणालीत साठेक डीफॉल्ट नाव-पासवर्डांची यादी होती. इंटरनेटवर दिसेल त्या कॅमेऱ्याचे, राऊटरचे दार ती या यादीने ठोठावत असे. उघडले की ते उपकरण तिचे सैनिक. ऐन भरात तिच्या ताब्यात सुमारे सहा लाख उपकरणे होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतील ‘डिन’ या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडेनाशी झाली. मिराय तयार करणारे तिघे तरुण होते आणि २०१७ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील अलिक्विपा या छोट्या शहराच्या पाणीपुरवठा संस्थेचे एक पंपिंग केंद्र असेच हॅकरांच्या हाती गेले. पाण्याचा दाब सांभाळणारा नियंत्रक इंटरनेटला जोडलेला होता. या मालिकेतील नियंत्रकांचा डीफॉल्ट पासवर्ड ‘११११’ असल्याचे अमेरिकी यंत्रणांनी नंतरच्या सूचनापत्रात नमूद केले आणि इराणशी संबंधित गटाकडे बोट दाखवले. कर्मचाऱ्यांनी पंप हाताने चालवून पुरवठा सांभाळला.

आपल्या शेजारचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८.१ कोटी डॉलर चोरीला गेले. बँकेत फायरवॉल नव्हती आणि ‘स्विफ्ट’ व्यवहारांचे संगणक जोडण्यासाठी दहा डॉलरचे, जुन्या बाजारातले स्विच वापरले होते, असे तेथील पोलीस तपास अधिकाऱ्यांनी ‘रॉयटर्स’ वृत्तसंस्थेला सांगितले होते. साध्या स्विचमध्ये भिंती घालता येत नाहीत. पैशांचे व्यवहार करणारा संगणक आणि बँकेतील इतर संगणक यांच्यात आड काही राहत नाही. मॅनेज्ड स्विच घेऊन त्याचे सेटिंग न करणारे कार्यालयही व्यवहारात याच पातळीवर येते. पैसे महागड्या उपकरणाचे, सुरक्षा दहा डॉलरची.

भारतात काय अनुभव आहे?

जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या अनेक ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम अचानक बंद पडले. सुमारे दोन हजार मोडेमना व्हायरसचा फटका बसला आणि ते ज्या ग्राहकांचे होते, त्यांनी ‘ॲडमिन’ हा डीफॉल्ट पासवर्ड बदललेला नव्हता, असे कंपनीने तेव्हा सांगितले. पासवर्ड बदला, असे आवाहन ग्राहकांना करण्यात आले.

फेब्रुवारी २०२५ मधील प्रकरण त्याहून गंभीर होते. राजकोटमधील एका रुग्णालयातील महिला रुग्णांचे सीसीटीव्ही चित्रण समाजमाध्यमांवर विकले जात असल्याचे उघड झाले. गुजरात पोलिसांनी अटक केलेल्यांमध्ये महाराष्ट्रातील दोघे होते. कॅमेऱ्यांना ‘ॲडमिन१२३’ असा सरधोपट पासवर्ड होता, असे तपासाबाबतच्या वृत्तांत पुढे म्हटले गेले. इथे नुकसान यंत्राचे नव्हते. उपचारासाठी आलेल्या महिलांचे खासगीपण बाजारात मांडले गेले, आणि त्या पासवर्डशी त्यांचा काही संबंधही नव्हता.

दोष नेमका कोणाचा?

वरवर पाहता पासवर्ड न बदलणाऱ्याचा. पण ‘बदलणारा’ नेमका कोण, हेच अनेक ठिकाणी ठरलेले नसते. सोसायटीने कॅमेऱ्यांचे काम कंत्राटदाराला दिलेले असते. त्याचा कारागीर येतो, स्विच आणि कॅमेरे लावतो, सचिवांच्या मोबाइलवर चित्र दिसू लागते आणि बिल मंजूर होते. पासवर्ड बदलणे हे बिलातले कलम नसते. उलट पुढच्या दुरुस्तीच्या वेळी दुसरा कारागीर आला तरी त्याला आत शिरता यावे, म्हणून डीफॉल्ट तसाच ठेवणे सगळ्यांच्या सोयीचे असते. शाळेत संगणक शिक्षक बदलतात, दवाखान्यात ‘चालू आहे ना, मग हात लावू नका’ हे धोरण असते. बदललेला पासवर्ड हरवला तर रीसेटचे बटण दाबावे लागेल आणि सारे सेटिंग पुसले जाईल, ही भीतीही असते, आणि ती खोटी नाही.

म्हणजे हजारो ग्राहकांपैकी प्रत्येकाने आठवणीने एक काम करावे, अशी अपेक्षा ठेवणारी ही व्यवस्था आहे. याउलट एका उत्पादकाने कारखान्यात एक बदल केला तर हे सारे ग्राहक एकदम सुरक्षित होतात. गेल्या काही वर्षांतील कायद्यांचा रोख म्हणूनच ग्राहकाकडून उत्पादकाकडे वळला आहे.

कायदे काय सांगतात?

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडता येणाऱ्या उपकरणांपुढे दोन पर्याय ठेवले. प्रत्येक नगाला वेगळा पासवर्ड द्या, किंवा पहिल्या वापरापूर्वी ग्राहकाला स्वतःचा पासवर्ड ठरवायला लावा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती वापराच्या उपकरणांत सरसकट एकच डीफॉल्ट पासवर्ड देण्यास बंदी आहे. एकापुढे एक आकडे वाढवून किंवा जगजाहीर माहितीवरून बनवलेले पासवर्डही तिथे चालत नाहीत. उल्लंघनासाठी एक कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या चार टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितक्या दंडाची तरतूद आहे.

युरोपीय संघाचा ‘सायबर रेझिलियन्स’ कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला असून त्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उपकरण कारखान्यातून निघतानाच सुरक्षित सेटिंगमध्ये असले पाहिजे, हे त्यातील एक तत्त्व. ‘महत्त्वाच्या’ उत्पादनांच्या यादीत राऊटर आणि मोडेमबरोबर स्विचचाही स्पष्ट उल्लेख आहे.

भारतात दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये घरगुती स्मार्ट उपकरणांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिचे पहिलेच कलम सरसकट डीफॉल्ट पासवर्ड नकोत, हे आहे. पण ती मार्गदर्शक स्वरूपाची आहे. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी मात्र सुरक्षा चाचण्यांची सक्ती एप्रिल २०२५ पासून लागू झाली. दूरसंचार कंपन्यांनी ‘विश्वासार्ह स्रोतां’कडूनच उपकरणे घ्यावीत, हा नियम १५ जून २०२१ पासून आहे. तो आवश्यक असला, तरी त्याने उपकरण कोठून आले एवढेच पाहिले जाते. विश्वासार्ह देशातून आलेला स्विचही ‘ॲडमिन-ॲडमिन’वर ठेवला, तर तो कोणालाही उघडता येतो. शिवाय आज भिंतीवर असलेल्या जुन्या उपकरणांना नवे नियम लागू होत नाहीत. स्विच सहज आठ-दहा वर्षे चालतो. म्हणजे कायदा झाला तरी पुढची काही वर्षे जबाबदारी वापरणाऱ्यावरच राहणार.

सोसायटी, शाळा, दवाखान्यांनी काय करावे?

पहिले काम यादीचे. कोणता स्विच, राऊटर, रेकॉर्डर कुठे आहे, त्याचा पत्ता काय, तो कोणी बसवला, हे एका वहीत लिहावे. संगणकातच ठेवले तर नेटवर्क बंद पडल्यावर ते उघडत नाही. दुसरे, प्रत्येक उपकरणाचा पासवर्ड बदलावा आणि तो बंद लिफाफ्यात कार्यालयाच्या कपाटात ठेवावा. तो एकट्या कंत्राटदाराकडे राहू नये. तिसरे, स्विचला राऊटरच्या डीएचसीपी पट्ट्याबाहेरचा कायमचा पत्ता द्यावा आणि तो उपकरणावर चिकटवावा. पत्ता चिकटवायला हरकत नाही, पासवर्ड मात्र चिकटवू नये. चौथे, कॅमेरे, पाहुण्यांचे वाय-फाय आणि कार्यालयाचे संगणक निरनिराळ्या व्हीलॅनमध्ये ठेवावेत आणि स्विचचे पान कार्यालयाच्या गटातूनच उघडेल असे करावे. पाचवे, टेलनेट आणि न लागणाऱ्या सेवा बंद कराव्यात, वापरात नसलेले पोर्टही बंद ठेवावेत. बाहेरून कॅमेरे पाहण्यासाठी राऊटरमध्ये उघडलेली दारे खरोखर लागतात का, ते तपासावे. सहावे, सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. ती असली की रीसेटची भीती उरत नाही. सातवे, स्विचची पेटी कुलूपबंद ठेवावी. ज्याचा हात रीसेटच्या बटणापर्यंत पोहोचतो, त्याला पासवर्डची गरज नसते.

आणि कंत्राट देताना एक ओळ वाढवावी : सर्व उपकरणांचे डीफॉल्ट पासवर्ड बदलून, सेटिंगची प्रत आणि यादी हाती दिल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल. हे काम लहान इमारतीत कारागिराच्या एका दुपारचे आहे. नवे घर घेतले की बिल्डरने दिलेले कुलूप आपण पहिल्याच आठवड्यात बदलतो, कारण त्याच्या किती चाव्या कोणाकडे आहेत, हे आपल्याला ठाऊक नसते. डीफॉल्ट पासवर्डच्या बाबतीत ते ठाऊक असते. त्याची चावी साऱ्या जगाकडे आहे.